विहीर आटायच्या आधी दोरी मोजा

चंद्रपूरजवळच्या ऊर्जानगर, दुर्गापूर, पद्मापूर, भटाळी आणि आसपासच्या वस्त्यांमध्ये ज्यांच्या परसात, शेतात किंवा गल्लीच्या तोंडाशी अजून विहीर आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वीज केंद्राच्या कॉलनीत इरई धरणाचं पाणी नळाने येतं. कॉलनीतल्यांनीही वाचावं. तुमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईच्या घरी नळ असेलच असं नाही.

'यंदा पाणी लवकर खाली गेलं' ही तक्रार खाणपट्ट्यात दर उन्हाळ्यात ऐकू येते. कोणी खाणीला बोल लावतं, कोणी पावसाला, कोणी शेजाऱ्याच्या बोअरला. तिघांपैकी खरं कोण, ते ठरत नाही. कारण आधी पाणी किती होतं, हेच कोणी लिहून ठेवलेलं नसतं.

म्हणून माझं पहिलं सांगणं एवढंच. लिहून ठेवा. आत्ता, विहिरीत पाणी असतानाच.

आधी खाणीत काय होतं ते समजून घ्या.

खुली खाण म्हणजे शंभर-दीडशे फूट आणि कुठे कुठे त्याहूनही खोल खड्डा. तुमची विहीर तीस-चाळीस फुटांची. चारही बाजूंच्या दगडातलं पाणी त्या खड्ड्यात पाझरत राहतं. वरून पावसाचं पडतं ते वेगळंच. कोळसा काढायचा तर तळ कोरडा लागतो. म्हणून सगळ्यात खोल जागी पाणी साठू देतात. खाणीतले लोक त्या जागेला सम्प म्हणतात. तिथून पंपाने उपसून ते बाहेर नाल्यात सोडतात. उपसा थांबला तर खाण भरेल आणि आतल्या माणसांच्या जिवाशी खेळ होईल. तेव्हा उपसा हा काही गुन्हा नव्हे. तुमच्याआमच्या घरातलंच कोणीतरी त्या खड्ड्यात सेकंड शिफ्टला उतरलेलं असतं.

पण भाताच्या ढिगात मधोमध आळं केलं की वरण तिकडेच उतरतं. जमिनीखालचं पाणीही असंच खड्ड्याकडे उतरू लागतं. खाणीच्या जवळच्या विहिरीची पातळी बहुधा आधी आणि जास्त उतरते. लांबच्या विहिरीची उशिरा आणि कमी.

सगळीकडे सारखंच होतं असं मात्र नाही. आपल्या भागात वरच्या मातीखाली बऱ्याच ठिकाणी वाळूचा दगड लागतो. भूगर्भवाले त्याला कामठीचा थर म्हणतात. कोळसा त्याच्याही खाली. हा वाळूचा दगड पाणी चांगलं धरतो. म्हणूनच जुन्या माणसांना थोडं खोदूनही गोड पाणी लागलं. आता तोच दगड खाणीलाही तितक्याच सहज पाणी देतो. मध्ये चिकणमातीचा थर आडवा आला तर खाणीजवळची विहीरही टिकते. दगडाला तडे असले तर लांबची आधी उतरते. त्यामुळे 'शेजारच्याच्या विहिरीला तर पाणी आहे' एवढ्यावरून तुमची तक्रार खोटी ठरत नाही. आणि तुमची आटली म्हणून साऱ्या गावाची आटली, असंही होत नाही.

खाणीच्या पर्यावरण अहवालात भोवतालच्या १० किलोमीटरचा परिसर पाहतात. त्यावरून काही जण सांगत सुटतात की १० किलोमीटरपर्यंत विहिरी कोरड्या पडणार. तो नुसता पाहणीचा घेर आहे. अशा बोलण्याने घाबरू नका आणि असं बोलून दुसऱ्यालाही घाबरवू नका.

पाणी उतरलं हे घरात कळतं ते मोटरवरून. रोज तासभर चालणारी मोटर वीस मिनिटांत हवा घेऊ लागते. नळीतून पाणी फसफसत येतं, मग नुसती हवा. म्हणजे पाणी फूटव्हॉल्व्हच्या खाली गेलं. अशा वेळी मोटर लगेच बंद करा. कोरडी चालली तर जळेल, आणि वाइंडिंगचा खर्च तुमच्याच डोक्यावर.

इथे पुष्कळांची फसगत होते. कठड्याजवळ बसवलेली साधी मोटर पाणी ओढून ओढून पंचवीस फुटांच्या आसपासच ओढते. पाणी त्याखाली गेलं की मोटर हात टेकते. विहिरीत अजून आठ-दहा फूट पाणी असू शकतं. घरचे मात्र विहीर आटली म्हणून मोकळे होतात आणि बोअरवाल्याला फोन लावतात. आधी दोरी सोडून बघा. पाणी असेल तर मोटर खाली फळीवर उतरवता येते, किंवा पाणबुडी मोटर टाकता येते. बोअरपेक्षा ते पुष्कळ स्वस्त पडतं.

आता मोजायचं कसं ते सांगतो.

न ताणणारी दोरी घ्या. टोकाला वजन बांधा. दर फुटाला गाठ मारा आणि दर पाच फुटांना रंगीत चिंधी बांधा. कठड्यावर एका जागी रंगाने खूण करा. प्रत्येक वेळी त्याच खुणेवरून मोजायचं. सकाळी, मोटर लावायच्या किंवा पहिली बादली काढायच्या आधी.

दोन आकडे लिहा. कठड्यापासून पाण्यापर्यंत किती आणि कठड्यापासून तळापर्यंत किती. समजा तळ ३८ फुटांवर आहे आणि पाणी २९ वर, तर पाणी उरलं ९ फूट. तळाचा आकडा वर्षातून एकदा घेतला तरी चालतो. गाळ भरला तर तो बदलतो. मग पाणी कमी झालं की गाळ वाढला, हेही कळतं.

महिन्यातून एक दिवस ठरवा. पगाराचा दिवस, एकादशी, जो लक्षात राहील तो. महिन्याला जमत नसेल तर जानेवारी, मेची अखेर, ऑगस्ट आणि नोव्हेंबर हे चार महिने तरी चुकवू नका. खाणीला मिळणाऱ्या पर्यावरण मंजुरीत आसपासच्या विहिरींची पातळी साधारण याच चार वेळा मोजायची अट असते. तुमचे आकडे त्याच महिन्यांतले असले की त्यांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात.

वहीत आणखी काही गोष्टी टिपा. मोटर किती वेळ चालली की पाणी संपतं, आणि संपलेलं पाणी परत भरायला किती तास लागतात. जवळपास नवीन बोअर कुठे झाली. खाणीचा कडा आपल्या बाजूला कधी सरकला. पाऊस केव्हा लागला, केव्हा थांबला. दोरी सोडलेली असताना मोबाइलवर एक फोटो काढा. तारीख त्यात आपोआप राहते. विहीर खोल केल्याची, मोटर भरून आणल्याची, पाणी विकत घेतल्याची पावती त्याच वहीत खोचा. शाळेत जाणारं पोर घरात असेल तर हे काम त्याच्याकडे द्या. मोठ्यांपेक्षा नेमाने करतं.

एकट्याच्या वहीला वजन कमी. गल्लीतल्या पाच-सहा घरांनी मिळून मोजा. एक-दोन विहिरी खाणीच्या बाजूच्या, एक-दोन मधल्या आणि एक लांबच्या गावातली, पाहुण्याकडची चालेल. ही लांबची विहीर फार महत्त्वाची. का, ते पुढे.

वर्ष-दोन वर्षांची वही झाली की ती वाचा.

आपल्याकडे वर्षाला सरासरी अकराशे-बाराशे मिलिमीटर पाऊस पडतो. बरा पाऊस झाला की दिवाळीच्या सुमारास विहीर वर आलेली असते. उन्हाळ्यात ती उतरणारच. त्यात नवल नाही. तेव्हा मे महिन्याच्या आकड्याआधी दिवाळीचा आकडा बघा. पाऊस चांगला होऊनही दिवाळीची पातळी दर वर्षी थोडी थोडी खालीच राहत असेल, तर जमिनीखालून पाणी कुठेतरी जातं आहे.

आता लांबची विहीर बघा. तीही तेवढीच उतरली असेल तर दोष बहुधा पावसाचा. ती ठीक आहे आणि खाणीकडच्याच विहिरी एकामागून एक उतरल्या आहेत, तर बोट खाणीकडे जातं. शेजाऱ्याची बोअर चालू झाली की तुमची पातळी घसरते आणि बंद झाली की सावरते, असं दिसलं तर खाणीला नाव ठेवू नका. शेजाऱ्याशीच बोला. गोडीने बोला, जन्मभर शेजारी राहायचं आहे.

नाल्याकाठच्या विहिरींचं एक वेगळंच आहे. खाणीचं पाणी ज्या नाल्यात सोडतात, त्याच्या काठची विहीर उलट भरलेली राहू शकते. पाणी आहे म्हणून खूश होऊ नका. नाल्यातलं पाणी आणि कोळशाची भुकटी कुठवर पोचते ते डोळ्यांनी दिसत नाही. तपासल्याशिवाय ते पिण्यात घेऊ नका.

विहीर आटली की माणूस घाईत बोअर मारतो. माझं ऐकाल तर जरा थांबा.

एक तर खाणीने थरच कोरडा केला असेल तर दीडशे फूट जाऊनही धूळच हाती येते. कर्जाचे हप्ते तेवढे राहतात. दुसरं, चंद्रपूर जिल्ह्यात काही भागांत भूजलात फ्लोराइड आहे आणि खोलच्या पाण्यात ते जास्त असण्याचा धोका असतो. एका लिटरमध्ये १ मिलिग्रॅमपर्यंत चालतं. दुसरं पाणीच नसेल तर दीडपर्यंत. त्यापुढे ते शरीराला बाधतं. मुलांच्या दातांवर पांढुरके, मग पिवळे-तपकिरी पट्टे येतात. वर्षानुवर्षं प्यायलं तर सांधे आखडतात. ते चवीला कळत नाही, रंगाला दिसत नाही.

आणि उकळून ते जात नाही. उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड आहे तिथेच राहतं. उलट पाणी आटून थोडं दाट होतं. पाणी उकळून पाजते म्हणून निश्चिंत असलेल्या आयांनी हे नीट लक्षात घ्यावं.

नवी बोअर असो की तळाला गेलेली विहीर, पाणी तपासून घ्या. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायला शिकवण्याची आणि त्यासाठी पेटी देण्याची सोय आहे. तुमच्या ग्रामपंचायतीची पेटी कुठे आहे, कोणाला शिकवलं, ते विचारा. पेटी कपाटात बंद पडली असेल तर बाहेर काढायला लावा. पेटीने शंका आली तर पुढची तपासणी जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. बाटली कशी भरायची ते आधी विचारून घ्या. कोल्ड्रिंकची जुनी बाटली विसळून नेऊ नका.

पाणी तळाला गेलं की घाणही दाट होते. पाला, बेडूक, पहिल्या सरीबरोबर आत आलेला चिखल. सार्वजनिक विहिरीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकणं ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचं काम आहे. तो येतो का, बघा. घरच्या विहिरीसाठी मात्रा त्यालाच विचारा. अंदाजाने मूठभर टाकू नका.

आटलेल्या विहिरीत गाळ काढायला कोणालाही एकदम उतरवू नका. बंद विहिरीत खराब हवा साचते. पहिला माणूस चक्कर येऊन पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. दिवा सोडून बघायची जुनी रीत आपल्या कोळशाच्या पट्ट्यात नको. अनुभवी माणूस, कमरेला दोर, वर धरणारे दोघं आणि आत हवा सोडायला ब्लोअर. यातलं काही कमी असेल तर गाळ राहू द्या.

ज्या घराची विहीर आटते, त्या घरातली बाई पहाटे अंधारात लांबच्या विहिरीवर जाते. आपल्याकडे हे साधं काम राहिलेलं नाही. खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यांवर झुडपं माजली आहेत आणि ताडोबाचं जंगल जवळ आहे. २०२२च्या फेब्रुवारीत वीज केंद्राच्या आवारात वाघाने कामगाराचा बळी घेतला आणि लगेचच दुर्गापुरात बिबट्याने एका मुलाला उचललं. तेव्हा पाण्याला उजाडल्यावरच जा. चौघी मिळून जा. वाटेवरची झुडपं तोडायला आणि दिवा लावायला ग्रामपंचायतीला अर्ज द्या. लहान मुलांना एकटं पाठवू नका, घागर अर्धीच भरून आणायची असली तरी.

बंद पडलेल्या खड्ड्यात साचलेलं पाणी निळंशार दिसतं. पोहायला पोरं जातात, पाण्याला गुरं जातात. कडे सरळ तुटलेले असतात, भुसभुशीत असतात आणि उथळ काठ असा नसतोच. तिथे पोराला एकदा रागावलात तर ते वाया जाणार नाही.

छपराचं पाणी विहिरीत सोडावं का? सोडावं. पाचशे चौरस फुटांच्या छपरावर आपल्या पावसाचं वर्षाला पन्नास हजार लिटरच्या आसपास पाणी पडतं. वाया जाणारं धरलं तरी चाळीस हजार हाती लागावं. पण ऊर्जानगरच्या छपरांवर वर्षभर राख आणि कोळशाची धूळ बसते. तेव्हा पहिले काही पाऊस बाहेर जाऊ द्या. छप्पर धुऊन निघालं की मग पाइप विहिरीकडे वळवा, तोही गिट्टी, वाळू आणि कोळशाच्या गाळणीतून. आणि यावर भिस्त ठेवू नका. खाण अगदी जवळ असेल तर तुम्ही मुरवलेलं पाणीही थोडंफार तिकडेच सरकणार. साठवता येईल तेवढं टाकीतच साठवलेलं बरं.

आता हक्काचं बोलू.

कोळसा खाणीला सरकारची पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीपत्रात सहसा दोन अटी असतात. विहिरींची पातळी नियमित मोजायची आणि ती घटली तर भूजल भरण्याचे उपाय करायचे, ही एक. उपशामुळे गावच्या विहिरी आटल्या तर गावाला पाणी कंपनीने पुरवायचं, ही दुसरी. म्हणजे तुम्ही मागताय ती भीक नव्हे. आणि उपकार म्हणून टँकर आला तर हार घेऊन उभं राहायचीही गरज नाही.

मंजुरीपत्राची प्रत संबंधित ग्रामपंचायतीला देणं हीही एक नेहमीची अट. ती प्रत ग्रामपंचायतीच्या कपाटात असायला हवी. सरपंचांना आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना ती काढून दाखवायला सांगा. सापडत नसेल तर वेस्टर्न कोलफिल्ड्सकडे, म्हणजे आपल्या वेकोलिकडे, माहिती अधिकारात अर्ज करा. फी १० रुपये, उत्तर ३० दिवसांत. त्याच अर्जात मागच्या पाच वर्षांचे विहिरींच्या पातळीचे आकडे मागा. कोणत्या विहिरी मोजल्या, त्यांची गावंही मागा. अटी पाळल्या की नाही, याचा अहवाल कंपनीला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. तो सगळ्यांना पाहण्यासाठी असतो. त्यात तुमच्या गावाची विहीर आहे का, ते आधी बघा. बरेचदा मोजली जाते ती विहीर असते लांबची आणि आटते ती असते जवळची.

जिल्हा खनिज प्रतिष्ठान नावाचा एक निधी आहे. २०१५च्या कायद्याने तो उभा राहिला. खाणवाले त्यात पैसे भरतात आणि ते खाणीने बाधित गावांवर खर्चायचे असतात. पिण्याचं पाणी त्यात पहिल्या मानाच्या कामांमध्ये आहे. नळयोजना, शुद्धीकरण यंत्र, टाकी यांसाठी ग्रामसभेचा ठराव करून मागणी करा. १ मे आणि १५ ऑगस्टला ग्रामसभा असतात. झेंडावंदन करून घरी जाऊ नका, वही घेऊन बसा.

खाण वाढवायची म्हटलं की अनेकदा जनसुनावणी लागते, दर वेळी लागतेच असं नाही. लागली तर नुसतं ओरडून येऊ नका. आपल्या विहिरीचे आकडे लेखी द्या. बोललेलं हवेत जातं, दिलेला कागद इतिवृत्ताला जोडावा लागतो.

अर्ज कसा लिहायचा, म्हणाल तर अगदी साधा. विहिरीचा सर्व्हे नंबर किंवा घर क्रमांक. खाणीपासूनचं अंतर. तीन दिवाळ्यांचे आकडे, तीन मेचे आकडे. पाणी कोणत्या महिन्यापासून पुरत नाही. घरात माणसं किती, जनावरं किती. आणि मागणी दोन ओळींत. मंजुरीच्या अटीप्रमाणे पाणी द्या, आणि भूजल यंत्रणेकडून विहिरीची पाहणी करून अहवालाची प्रत द्या. एक प्रत खाणीच्या कार्यालयात, एक ग्रामपंचायतीत, एक जिल्हाधिकारी कार्यालयात, एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात. चौथ्या कागदापर्यंत कंटाळा येतो, तरी द्या. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या, शिक्का आणि तारीख बघून घ्या.

अर्जात कोणाला शिव्या नकोत. खाणीतला साहेब बदलून जातो, कागद तिथेच राहतो.

टँकर किंवा नळ सुरू झाला तरी मोजणं थांबवू नका. टँकर कोणत्या तारखेला आला, किती लिटर उतरवले, कोणत्या आठवड्यात आलाच नाही, ते त्याच वहीत दुसऱ्या पानावर लिहा. पहिल्या पावसाबरोबर टँकर बंद होतात. विहीर मात्र लगेच भरत नाही. जून-जुलैचे हे आठवडेच सगळ्यात अडचणीचे असतात, तेव्हा अर्जात पाणी कधीपर्यंत हवं तेही लिहा. 'पावसाळा लागेपर्यंत' असं लिहू नका. 'विहिरीत १० फूट पाणी येईपर्यंत' असं लिहा.